कलबुताला कुंकू

चाकणला आमच्या कंपनीच्या गेटपाशी, सिक्युरिटीच्या केबिनला लागून, सिमेंटचा एक बाक आहे. ज्याचा पास काढून घेतला जातो त्याला तिथं बसवतात. आत यायचं नाही आणि घरीही जायचं नाही, साहेबांचा निर्णय होईपर्यंत थांबायचं. थंडीतल्या एका सकाळी आमची बस गेटातून आत वळली तेव्हा त्या बाकावर होनिंग मशीनवरचा ऑपरेटर बसलेला दिसला. कानाला मफलर, मांडीवर जेवणाचा डबा. बीडकडचा माणूस, सहा वर्षं त्याच एका मशीनवर, आणि तीही कंत्राटावर. मी खिडकीतून हात केला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण हात काही वर केला नाही.

मी क्वालिटीला आहे. तेव्हा स्टँडर्ड रूम माझ्या ताब्यात होती. कारखान्यातलं मोजमापाचं प्रत्येक साधन ठरल्या वेळी माझ्याकडे यायचं, मी ते मास्टरशी ताडून बघायची, बरोबर असेल तर त्याला हिरवं स्टिकर लावायची आणि सही करायची. एवढ्या कामाला कॅलिब्रेशन असं भारदस्त नाव आहे. खोलीत बारा महिने वीस डिग्रीचा एसी. उन्हाळ्यात सगळे काही ना काही निमित्त काढून डोकावून जायचे आणि मी त्यांना हाकलायची. माझ्या खोलीत माझ्याशिवाय कोणी कशाला हात लावायचा नाही, असा माझा दरारा होता. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढं जे झालं ते माझ्याच हातानं झालं.

साडेनऊला मीटिंगला बोलावणं आलं. आम्ही गाड्यांच्या हायड्रॉलिकसाठी स्टीलच्या नळ्या बनवतो. होनिंग मशीन नळीचं आतलं भोक, म्हणजे बोअर, घासून मापात आणतं; ते केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढंही चुकून चालत नाही. आदल्या संध्याकाळी कस्टमरकडून मेल आला होता की आमच्या नळ्यांतून तेल गळतंय आणि बोअर मोठे निघतायत. दुपारी चार वाजता त्यांची माणसं येणार होती. तोवर कारण सापडायला हवं होतं. आणि आमच्याकडे कारण सापडायला फार वेळ लागत नाही.

"मशीन ओके, मटेरियल ओके," क्वालिटी मॅनेजर बोटांवर मोजत म्हणाले. "आता गेज बघू. मॅडम, आणा."

मी होनिंगवरचा बोअर गेज आणला आणि खोलीतून त्याची मास्टर रिंग आणली. ही एक जाड पोलादी बांगडी असते. तिचं भोक लॅबमधून मोजून आणलेलं असतं, आणि गेज तिच्यात घालून काटा शून्यावर लावायचा असतो. ती रिंग जे सांगेल ते खरं, तिच्यावर अपील नाही. सगळ्यांच्या देखत मी गेज आत घातला, हलकेच डोलवला. काटा शून्यावर. रिंगचं सर्टिफिकेट चालू होतं, स्टिकर हिरवं होतं.

"म्हणजे गेज ओके. राहिलं कोण? माणूस," मॅनेजर म्हणाले. "हा पठ्ठ्या न मोजताच आकडे भरत होता. शीट बघा की, सगळं कसं छान छान. आज त्याला रिलीव्ह करू आणि चार वाजता तेच दाखवू. मॅडम, इथं सही करा, गेज तपासला म्हणून."

मी सही केली. मला हे पटलं नव्हतं. तो माणूस प्रत्येक नळी मोजायचा, हे मी शंभरदा पाहिलं होतं. दुसरी पोरं त्याला त्यावरून चिडवायची. पण काटा शून्यावर होता, आणि काट्यापुढं मी काय बोलणार?

खोलीत परत आले, रिंग पेटीत ठेवायला गेले आणि हात थबकला. पेटीत रिंग बसायला काळ्या फोमची खाच असते. त्या खाचेच्या कडेला एक लालसर डाग होता, वाळलेला. मी बोट लावलं. बोटाला कुंकू लागलं.

ते तिथं कसं आलं, हे मला ठाऊक होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या मशीन पुसून त्यांना हार घालतात, नारळ फुटतात, पेढे वाटतात आणि मग मोबाइलवर फोटो काढायची शर्यत लागते. आमच्या डिपार्टमेंटला बाई मी एकटीच. त्यामुळं पूजेचं ताट माझ्याच हातात येतं. अकरा इंजिनीअर आहेत, एकालाही हळदीकुंकू लावता येत नाही म्हणे! दर वर्षी मी चिडते आणि दर वर्षी ताट घेते. त्या वर्षी कोणीतरी म्हणालं, मॅडम, तुमच्या खोलीत कोण पूजा करणार? मलाही वाटलं, खरंच की. मी मास्टर रिंग पेटीतून काढली, ताटात ठेवली, कुंकू नीट बसावं म्हणून थेंबभर पाण्यात कालवलं आणि रिंगच्या कडेला टिळा लावला. एक ओघळ आत गेला. छान दिसत होतं. फोटो काढला, रिंग तशीच पेटीत ठेवली आणि सुट्टीवर गेले. दसरा, लागून शनिवार-रविवार. चौथ्या दिवशी पेटी उघडली तर ओघळाच्या जागी तांबूस गंज.

नियमानं तेव्हाच रिंगला लाल टॅग लावून ती लॅबला पाठवायची होती. पण मग होनिंग दोन दिवस बंद. बाहेर गाडी लागलेली, डिस्पॅचवाले खोळंबलेले, आणि सगळ्यांना सांगावं लागलं असतं की मॅडमनं मास्टरला कुंकू लावून गंजवलं. मी झिरो नंबरचा पॉलिश पेपर बोटाला गुंडाळला आणि आतून फिरवला. डाग गेला. सगळीकडं सारखी चकाकी यावी म्हणून आणखी थोडा फिरवला. तेल लावून रिंग पेटीत ठेवली. त्यानंतर मी तो विषय डोक्यातून काढून टाकला होता, आणि आता तोच लाल डाग होऊन माझ्या बोटाला लागला होता.

यातली खरी चीड आणणारी गोष्ट वेगळीच आहे. असं काही करायचं नसतं, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं.

माझे वडील, अण्णा, जोडे शिवतात. साताऱ्याकडून आले आणि दापोडीला, रेल्वेलाइनकडं जाणाऱ्या गल्लीत त्यांनी टपरी टाकली. आता तिथं बॅगांच्या चेन बदलणं आणि स्पोर्ट्स शूजचे उघडे पडलेले तळवे चिकटवणं एवढंच काम येतं. पण माझ्या लहानपणी ते मापाचे जोडे बनवायचे आणि त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर लाकडी पाय ओळीनं मांडलेले असायचे. बोटं नसलेले, गुळगुळीत, लहानमोठे. त्यांच्यावर चामडं ताणून जोडा शिवायचा. बाकीचे लोक त्याला फर्मा म्हणायचे. अण्णा म्हणायचे कलबूत. खंडेनवमीला ते रापी, आरी, हातोडी, ऐरण सगळं धुऊन पाटावर मांडायचे आणि आई हळदीकुंकू वाहायची. कलबुतं मात्र कोरड्या फडक्यात गुंडाळलेली. त्यांच्यापुढं नुसतं एक झेंडूचं फूल. मला वाईट वाटायचं. सगळ्यात मानाची वस्तू आणि तिलाच कुंकू नाही! मी एकदा चोरून लावायला गेले तेव्हा अण्णांनी हातावर चापट मारली होती. त्यांनी मला मारल्याची ती एकच आठवण आहे.

आणि हे कलबूत पुढं मला कुठं भेटावं? कंपनीनं आम्हाला चिंचवडला दोन दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. शिकवायला एक निवृत्त इंजिनीअर, पांढरे केस, फुल शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. जेवणानंतर सगळ्यांना डुलक्या लागलेल्या पाहून त्यांनी फळ्यावर खडूनं एक पाऊल काढलं.

"कॅलिब्रेशन या शब्दाला घाबरू नका," ते म्हणाले. "त्याचं मूळ हे आहे."

मग त्यांनी सांगितलं ते असं. फार जुन्या ग्रीक भाषेत लाकडाला एक शब्द होता आणि पायाला एक. पायाचा शब्द तर आपल्या 'पाद'चाच लांबचा भाऊ. दोन्ही जोडून शब्द झाला 'लाकूडपाय', म्हणजे जोडे शिवणाऱ्याचा साचा. तो शब्द इराणकडं गेला, तिथं झाला कालबूद. अरबांकडं झाला कालिब, म्हणजे कसलाही साचा, धातू ओतायचासुद्धा. व्यापारातून तो इटली-फ्रान्सला पोचला. तिथं तोफा ओतत होते; साच्यावरून तोफेच्या भोकाचा व्यास म्हणजे कॅलिबर. मग बंदुकीच्या भोकाचा. मग भोक बरोबर आहे का ते ताडून बघणं म्हणजे कॅलिब्रेट करणं. आपल्या हातातला कॅलिपर त्याच घरातला. मधल्या एकदोन टप्प्यांवर पंडितांचं एकमत नाही, असंही ते प्रामाणिकपणे म्हणाले. पण सुरुवात मोच्याच्या टपरीत झाली यावर बहुतेकांचं एकमत आहे.

मी ताठ बसले होते. फारसी कालबूद आणि अण्णांचं कलबूत. इंग्रजी शब्द युरोपला वळसा घालून, तोफांतून, कारखान्यांतून माझ्या टेबलावर आला होता, आणि त्याचा सख्खा भाऊ सरळ जमिनीवरून चालत आमच्या दापोडीच्या फळीवर येऊन बसला होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं.

"असा लाकडी पाय कोणी प्रत्यक्ष पाहिलाय?" सरांनी विचारलं.

हॉलमध्ये पंचवीसएक जण होते. कोणी हात वर केला नाही. मीही केला नाही. चहाच्या वेळी कोणी विचारलं असतं, तुम्ही कुठं पाहिला? मग वडील काय करतात? मग आडनाव? तो जिना मला ठाऊक होता, पायरीपायरीनं. मी वहीत मान घातली. सर म्हणाले, बरं, आता कोण पाहणार म्हणा, आणि फळ्यावरचं पाऊल पुसून टाकलं. घरी आल्यावर मी अण्णांना ही गोष्ट सांगितलीसुद्धा नाही. सांगितली असती तर त्यांनी पहिलं हेच विचारलं असतं की मग तू हात वर केलास का?

तर त्या सकाळी बोटाला कुंकू लागल्यावर हे सगळं एकदम वर आलं. पण नुसत्या डागावरून काही सिद्ध होत नाही. मी दार लावलं. कपाटाच्या तळाशी त्याच मापाची जुनी रिंग होती, कोपरा उडाला म्हणून बाद केलेली. पण तिचं भोक शाबूत होतं आणि शेवटचं सर्टिफिकेट फायलीत होतं. दोन्ही रिंगा शेजारी ठेवून तासभर थांबावं लागतं, दोघींचं तापमान एक व्हायला हवं. तो तास मी कसा काढला ते विचारू नका. देवाला सांगत होते की काटा हलू देऊ नकोस. मग जुन्या रिंगेवर गेज शून्य केला आणि नव्या रिंगेत घातला.

काटा सात मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढा, पुढं गेला.

पुन्हा घातला. पुन्हा सात. तिसऱ्यांदाही सात. मी घासून रिंगचं भोक मोठं केलं होतं, तिच्यावर गेज लावला होता, आणि त्या माणसानं माझा गेज खरा मानून एक एक नळी मोजली होती. त्यानं लिहिलेला प्रत्येक आकडा खरा होता. घड्याळात सव्वाबारा झाले होते.

आता माझं जे झालं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मी दोन्ही रिंगा जिथल्या तिथं ठेवल्या. कुंकवाचा डाग स्पिरिटनं पुसला. डोकं भराभर चालू लागलं. उद्या काहीतरी निमित्त काढून रिंग लॅबला पाठवता येईल. लॅब म्हणेल, झिजली. झिजतातच की रिंगा. कोणाला कळणार? त्या ऑपरेटरला दुसरीकडं काम मिळेल, होनिंगची माणसं कुठं मिळतात आजकाल. तो आपला सज्जन आहे, तक्रार करणार नाही. हे शेवटचं वाक्य मनात आलं तेव्हा मला माझीच किळस आली, आणि तरी मी जागची हलले नाही.

कँटीनमध्ये ताट घेतलं. ताट तसंच सरकवून मागच्या दारानं बाहेर आले आणि अण्णांना फोन लावला.

"अण्णा, कलबुताला कुंकू का नाही लावायचं?"

"आत्ता ह्ये काय मधीच? जेवलीस का?"

"सांगा ना."

"आगं, वलं लागतंय म्हणून. लाकूड फुगतंय. डोळ्यास्नी दिसत न्हाई, पर जोडा ढिला पडतोय." तिकडून लोकलचा भोंगा ऐकू आला, ते थांबले, मग म्हणाले, "आन् मग गिऱ्हाईकाला आपुन काय म्हणतो ठावं हाय का? तुमचा पायच रोडावलाय म्हणतो. कलबूत कोन बगतंय. त्येच्यावर तर समदं मोजायचं आसतंय. म्या म्हणलं हुतं येकदा, येका मास्तरीनबाईला."

"मग?"

"मग काय. सांजच्याला कलबूत मोजलं तर त्येच फुगल्यालं. तसाच उठलो, तिच्या घरी जाऊन सांगून आलो, बाई, पाय तुमचा झ्याक हाय. त्याच दिशी जावं लागतंय बग. दुसऱ्या दिशी जीभ उचलत न्हाई." मग आवाज बदलला. "काय झालंय का पोरी?"

"काही नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

तुम्हाला वाटेल, मी तिथून तडक मॅनेजरच्या केबिनला गेले. नाही गेले. दोन वाजले, तीन वाजले. दोनदा केबिनच्या दारापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा आत कोणीतरी होतं, आणि दोन्ही वेळा मला बरं वाटलं. मॅनेजर मुळात वाईट माणूस नाहीत. पण त्यांना चारच्या आत कारण हवं होतं आणि त्यांच्याकडे ते होतं.

चारला कस्टमरचे दोघं आले. पडद्यावर स्लाइड आली. मूळ कारण: ऑपरेटरचा निष्काळजीपणा, मोजमाप न करता नोंदी. उपाय: ऑपरेटरला कामावरून कमी केले. सहा वर्षांचा माणूस दोन ओळींत आटपला. त्यांच्यातल्या चष्मेवाल्या इंजिनीअरनं विचारलं, "गेज कशावर सेट केलाय?"

"मास्टरवर. सर्टिफिकेट चालू आहे. सकाळीच क्रॉसचेक केलंय, आमच्या मॅडमची सही आहे." मॅनेजरनी माझ्याकडे हात केला.

चष्मेवाल्यानं मान डोलावली. तो पुढं काहीच विचारणार नव्हता, पुढची स्लाइड येत होती.

"सर," मी म्हटलं आणि हात वर केला. शाळेतल्यासारखा, चांगला कोपर सरळ करून. "मास्टर चुकलाय. सात मायक्रॉन मोठा आहे. मी घासलाय तो. ऑपरेटरनं बरोबर मोजलं होतं."

मॅनेजरचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल. मी सगळं सांगितलं, कुंकवासकट. कुंकू म्हटल्यावर कोपऱ्यातला एक जण फिसकन हसला आणि लगेच गप्प झाला. चष्मेवाला शांतपणे म्हणाला, जुनी रिंग दाखवा. सगळे माझ्या खोलीत आले. त्यानं स्वतः गेज घातला. सात. त्यानं वहीत लिहून घेतलं आणि म्हणाला, दसऱ्यानंतरचा सगळा माल परत तपासावा लागेल.

मला काय झालं ते थोडक्यात सांगते. मेमो मिळाला, स्टँडर्ड रूम काढून घेतली, आता मी स्टोअरला येणाऱ्या मालाच्या तपासणीवर असते. तिथं एसी नाही. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, ते माझ्या कर्मानं आलं.

त्या संध्याकाळी ऑपरेटरचा पास मी मागून घेतला आणि स्वतः गेटवर गेले. तो त्याच बाकावर होता, दिवसभराचा. सिक्युरिटीवाल्यासमोर, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बससमोर, दुपारच्या शिफ्टला आत जाणाऱ्या ओळखीच्या पोरांसमोर. मी पास पुढं केला.

"भाऊ, तुमची काही चूक नव्हती. मास्टर मी बिघडवला होता. मी सांगून आले सगळ्यांना. उद्यापासून या तुम्ही."

त्यानं पास घेतला. उलटून आपला फोटो बघितला. मला वाटलं, आभार मानेल. खरंच वाटलं, इतकी मी मूर्ख.

"मॅडम, तुमाला कवा कळलं?" त्यानं विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. चार वाजता, म्हणता आलं असतं.

"सव्वाबाराला."

त्यानं डब्याच्या झाकणावरून अंगठा फिरवला.

"म्या एक वाजता डबा खाल्ला हितं," तो म्हणाला. "समदे बघत व्हते. भाकर घशाखाली जाईना, म्हणलं मह्याच हातानं काय तरी चुकलं आसंल. येक येक नळी आठवत बसलो व्हतो."

"हो," मी म्हटलं.

त्यानं पास गळ्यात घातला, डबा उचलला आणि मोशीकडं जाणाऱ्या बसच्या थांब्याकडं चालू लागला. माझ्याकडं वळून न बघता. आज इतके महिने झाले, कामाचं सगळं बोलतो, चहासुद्धा आणून देतो. पण होनिंगवर बसण्याआधी तो रोज एक गोष्ट करतो, जी आधी कधी करत नव्हता. गेज हातात घेतो, त्यावरचं हिरवं स्टिकर वाचतो, खाली कोणाची सही आहे ते बघतो, आणि मगच पहिली नळी उचलतो.